शिडीचा उजवा पाय

११ जानेवारी

भिंगरी,

लहानपणचं हे नाव अजून चालतं का, माहीत नाही. पाकिटावर तुझ्या दवाखान्याच्या पाटीवरचं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा मुलीला पत्र लिहितोय की कुठे अर्ज करतोय तेच कळेना. म्हणून आत तरी हे.

फोनच केला असता. पण मी फोन केला की तू "आईला द्या" म्हणतेस आणि मी देतो. सहा वर्षं आपलं बोलणं एवढंच. पत्र तसं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही. वाचावं तरी लागतं, नाहीतर फाडावं तरी.

काम आहे. माझं नाही, ओळखीचे एक मास्तर आहेत, त्यांचं. निवृत्त झालेत, पण सकाळी शाळेच्या मैदानावर मुलांना पळायला शिकवतात. त्यांच्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी आहे, अडथळ्यांच्या शर्यतीतली. वर्षभरात अकरा सेंटिमीटर वाढली. सगळी मुलं तिला शिडी म्हणतात, तिलाही ते आवडतं. पळते मात्र अशी की बघणाऱ्याने हातातलं काम टाकून बघत राहावं.

गेला महिनाभर तिची उजवी मांडी मागून दुखते. वाकून पायाची बोटं धरायला सांगितली तर टीचभर वरच थांबते. मास्तरांनी ताण वाढवला. सकाळ-संध्याकाळ टाच कठड्यावर ठेवून वाकवतात, पाठीला हाताने थोडा जोर देतात. तीन आठवडे झाले, दुखणं वाढलंच. वर्गात ती एका कुल्ल्यावर बसते, असं तिच्या मैत्रिणी सांगतात.

१६ फेब्रुवारीला मोठ्या प्रशिक्षण केंद्राची निवड आहे. निवड झाली तर राहणं, शिकणं, पळणं सगळं तिथेच. मास्तरांचं विचारणं असं की ताण अजून वाढवावा की दुसऱ्या पद्धतीने द्यावा?

आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः जास्त कुरकुरते.

बाबा


१९ जानेवारी

भिंगरी,

तुझा कागद मिळाला. वर काही मायना नाही, खाली सही नाही, मध्ये सहा सूचना. पेशंटला देतेस तसाच. तरीही पोस्टमनच्या हातातून घेतला तेव्हा मी दारातच चप्पल न घालता उभा होतो, असं तुझी आई सगळ्यांना सांगते आहे.

तळाशी पेनने लिहिलेली ओळ मात्र छापील नव्हती. "त्या मास्तरांना सांगा, निवृत्त झाल्यावर माणसाने थोडं खरं बोलायला हरकत नाही." बरं. ते मास्तर मीच. तुला पहिल्या चार ओळींत कळलं असणार. आईला तर पाकीट चिकटवायच्या आधीच कळलं होतं.

तू सांगितलंस तसं केलं. शाळेतलं टेबल टेनिसचं टेबल व्हरांड्यात ओढलं, शिडीला त्यावर उताणी झोपवलं. मांडी सरळ उभी धरायची आणि गुडघा हळूहळू उघडायचा. किती उघडतो ते मोजायला गणिताच्या बाईंचा फळ्यावरचा लाकडी कोनमापक आणला. डावा पाय जवळजवळ सरळ झाला. उजवा अर्ध्यातच अडला. दोन पायांत वीस अंशांहून जास्त फरक. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना दोन्ही पाय जुळवून बसवलं आणि पट्टीवर एकच आकडा वाचला. दोन पाय वेगवेगळे मोजावेत, हे कधी सुचलंच नाही.

मग तुझा तो प्रश्न विचारला. "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. हात फिरवायचा नाही, एकच बोट."

तिने मांडीवर बोट ठेवलंच नाही. कुशीवर वळली आणि बरोबर बसायच्या हाडावर टेकवलं.

ते बोट कुठे टेकलं ते पाहिलं आणि मी शिट्टी वाजवून सगळ्यांना घरी पाठवलं. सव्वासात वाजले होते. मुलांना वाटलं कुणीतरी गेलं.

ताणणं त्याच क्षणी बंद केलं. उद्या एक्स-रे.

बाबा


२२ जानेवारी

भिंगरी,

हाड जागेवर आहे!

हे आधी लिहितो, बाकीचं मागाहून. हाडाची कड खरबरीत दिसते, मांडीचा स्नायू जिथे चिकटतो तिथे ओढ बसून सुजलंय, पण तुकडा सुटलेला नाही. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडे दिवस ओढला असता, तर आज वेगळं बोलणं झालं असतं." मी बाहेर येऊन बाकावर बसलो. पाच मिनिटं उठताच येईना. शिडीनेच विचारलं, "सर, पाय माझा दुखतोय ना?"

तिची आई बरोबर होती. बेकरीत पहाटेपासून कामाला असते, कोपरापर्यंत पीठ तसंच, पाळी अर्धवट टाकून आलेली. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे धरला, कारण आणणारा मी. मी तो घेतला आणि घडी न घालता तिच्या हातात दिला. म्हटलं, "वाचा. मोठ्याने वाचा, तिला ऐकू जाईल असं."

तिने वाचलं. बारा आठवडे पळणं, उड्या, ताण काही नाही. मग पुन्हा एक्स-रे.

शिडीने बोटांवर मोजलं आणि तिचा चेहरा बदलला. "म्हणजे सोळा तारीख नाही?"

"नाही."

"पण सर, तुम्हीच म्हणाला होता, दुखतंय तोवर ओढलं की पाय मोकळा होतो."

"चुकीचं सांगितलं मी."

"असं कसं चुकीचं? रोज सांगायचात की!"

"रोज चुकीचं सांगितलं."

ती जिन्याने तरातरा उतरून गेली. तिची आई मागे थांबली. म्हणाली, "सर, घरात पाच माणसं. ही दाराच्या मागे बसून अभ्यास करते. कुणी आत आलं की वही बंद करून उठते. तिथे तिला स्वतःचं टेबल मिळालं असतं." रडली नाही. मी ओशाळून गेलो होतो. नुसता "हो" म्हणालो.

तरी सांगतो, घरी येताना मला रस्ता रुंद वाटत होता. हाड जागेवर आहे, एवढंच डोक्यात घोळत होतं. तुझ्या सहा ओळींनी एका पोरीचा पाय वाचला. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "मग मला काय सांगताय, तिला सांगा." म्हणून सांगतो आहे.

बाबा


४ फेब्रुवारी

भिंगरी,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. मी उत्तर मागावं असं त्यात काही नव्हतंच.

काल शिडी मैदानावर आली. बारा दिवस फिरकली नव्हती. म्हणाली, "सर, अजिबात दुखत नाही आता. बघा." आणि मी थांबवायच्या आत समोर मातीवर एक पाय पुढे, एक मागे पसरून पूर्ण खाली बसली. हसत होती. ओठ मात्र पांढरे पडले होते.

मी ओरडलो. मग तिला हात देऊन उठवलं, रिक्षात बसवून घरी सोडलं आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, अधिक काही बिघडलेलं नाही. देवाची कृपा म्हण, नाहीतर पोरीचं नशीब.

पण ते पांढरे ओठ मी आधी पाहिले होते. तुझे. म्हणून आज हे लिहायला बसलोय, आणि चौथा कागद आहे हा. आधीचे तीन टोपलीत आहेत.

पंधरा वर्षांपूर्वी तूही त्याच हाडावर बोट ठेवलं होतंस. मी तुला एक्स-रेला नेलं होतं, आठवत असेल. तू बाहेर बाकावर होतीस, एका बाजूला कलून. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते म्हणाले, "हाडाची कड सुजली आहे. सहा आठवडे पळवू नका, ताणू तर मुळीच नका." लिहूनही दिलं. मी तो कागद चार घड्या करून खिशात घातला. शर्यत नऊ दिवसांवर होती.

बाहेर आलो. तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही नाही. स्नायू आखडलाय. अजून ताणायला हवं."

त्यानंतरचे नऊ दिवस मी तुझ्या पाठीवर गुडघा टेकवून तुला वाकवत होतो. तू ओरडायची नाहीस. मला त्याचा अभिमान वाटायचा.

चौथ्या अडथळ्यावर तुझं हाड सुटलं, त्याचा आवाज मी शेवटच्या रेषेवरून ऐकला. आणि इस्पितळात, सगळे जमलेले असताना, मी काय म्हणालो तेही मला पाठ आहे. "रोज सांगत होतो नीट ताण दे म्हणून. आळस केला." तू चौदा वर्षांची होतीस. पाय बांधलेला होता.

सहा वर्षांपूर्वी जेवताना तू मला सरळ विचारलंस, "बाबा, तेव्हा डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?" तोवर तू हेच शिकून आली होतीस. मला वाटलं, तुला कळलंय. तरीही मी म्हणालो, "व्यायाम नीट झाला नाही असं म्हणाले." तू ताट तसंच ठेवून उठलीस.

कागद मी कधी फेकला, तेही आठवत नाही. मला भीती वाटत होती, असं लिहिणार होतो. तसं नाही. मला ती शर्यत हवी होती. तुझ्यासाठी म्हणायचो, पण मलाच हवी होती.

माफी मागा म्हणालीस तर मागतो. नको म्हणालीस तरी मागतो.

बाबा


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तीन आठवडे झाले. आईला विचारलं, तुझा फोन येतो का. ती म्हणाली, "येतो. तुमचं नाव निघत नाही." कागदाचं मी तिलाही सांगितलं. दोन दिवस तिने माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ताट असं आदळलं की वाटी उडाली, आणि म्हणाली, "जेवा." त्याचा अर्थ काय लावायचा, हे चाळीस वर्षांत मला समजलेलं नाही. पण जेवलो.

सोळा तारखेचं सांगतो. शिडी पळाली नाही. मी सकाळीच तिच्या घरी जाऊन बसलो होतो, न जाणो कुणी फूस लावली तर. ती म्हणाली, "बघायला तरी नेता का?" नेलं. पायरीवर एका बाजूला उशी घेऊन बसली, माझं स्टॉपवॉच तिच्या हातात. पहिली आलेल्या मुलीची वेळ बघून म्हणाली, "हिला मी हरवलं असतं."

"हरवलं असतंस."

तिने माझ्याकडे बघितलं. मी "पुढच्या वेळी", "पायाहून मोठं काही नाही" वगैरे काही म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी फक्त ती वेळ कागदावर उतरवली. मग ती रडली आणि रडून झाल्यावर मला भेळ मागितली, तीही तिखट. तेव्हा माझ्या जीवात जीव आला.

मधल्या काळात मी जुन्या वह्या काढल्या. अठ्ठावीस वर्षांच्या. कोण किती वाकतो याचे आकडे आणि कुणाला काय दुखापत झाली याच्या नोंदी. खरं सांगू? मी बरोबर होतो, असं निघेल म्हणून काढल्या होत्या. आखडलेली मुलं जायबंदी होतात, मोकळी सुटतात, हे मी जन्मभर सांगितलं. तसं निघालं नाही. सगळ्यात लवचिक मुलीचा स्नायू दोनदा फाटला. लाकडासारखा एक पोरगा सहा वर्षं काही न होता पळाला. ज्यांना झालं त्यांत बरीचशी एका वर्षात झपाट्याने वाढलेली, नाहीतर आधी दुखापत होऊन पुरती बरी न होताच परत पळवलेली. परत पळवलेली म्हणजे मीच पळवलेली. अशी एकोणीस नावं निघाली.

तुझं नाव त्या वहीत आहे. आकड्यापुढे मी "आळस" असं लिहिलं होतं. खोडलं नाही. शेजारी आजची तारीख घालून "डॉक्टरांनी पळवू नका म्हटलं होतं, मी पळवलं" असं लिहिलं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही, पण चालवून घेईन.

बाबा


१८ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, सहा पानी. वर "बाबा" आहे. मी ते तीनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं, मग तिने माझ्याकडून ओढून घेऊन स्वतः वाचलं.

तू लिहिलेला राग सगळा मान्य. कागद खिशात घातला हे वाचून तू चार दिवस कुणाशी धड बोलली नाहीस, एका पेशंटवर विनाकारण ओरडलीस, हे सगळं मी मान खाली घालूनच वाचलं. पण त्यापुढचं वाचून मी गार झालो.

तू लिहितेस, "मला वाटायचं, डॉक्टरांनाही काही सापडलं नाही म्हणजे मीच दुखणं नीट सांगितलं नसणार. घाबरून 'थोडंसंच दुखतं' म्हणाले असेन. म्हणून माझं हाड तुटलं, आणि ते माझ्यामुळे. आळसाचं तुमचं बोलणं मी कधीच खरं मानलं नाही, पण हे मात्र मानलं. आजही प्रत्येक पेशंटला कुठे दुखतं हे मी तीन-तीनदा विचारते. लोक वैतागतात."

आणि मग, "पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्याचं कुलूप काढताना एकदम लक्षात आलं, मी नीट सांगितलं होतं. डॉक्टरांना बरोबर कळलं होतं. चौदाव्या वर्षी मी बोट बरोबर जागी ठेवलं होतं. आत जाऊन दिवेही लावले नाहीत, नुसती खुर्चीत बसून राहिले. बाबा, इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण आता तो माझ्यावर नाही."

मला वाटत होतं, तुला सगळं माहीत आहे आणि म्हणून तू दूर आहेस. तू त्या बाकावर बसून स्वतःलाच दोष देत असशील, हे माझ्या मनातही आलं नाही. पंधरा वर्षं. एका वाक्याचं काम होतं.

बरोबर ठेवलं होतंस बोट. अगदी बरोबर.

राग ठेव. हवा तेवढा ठेव. तो माझ्याकडेच यायला हवा होता.

वह्यांबद्दल तू म्हणतेस की चाळीस-पन्नास मुलांच्या आकड्यांनी काही सिद्ध होत नाही. बरं, नाही होत. पण त्यापुढे "तरी वह्या बघायच्या आहेत" असं लिहिलंयस, ते आईने पेन्सिलने अधोरेखित केलंय.

बाबा


२० मे

भिंगरी,

तू गेलीस आणि घर पुन्हा दोघांचं झालं. आईने तुझी चादर अजून घडी केलेली नाही. विचारलं तर म्हणते, "असू दे, येईल परत."

तू गाडीत बसल्यावर जे झालं ते सांगायला हे पत्र. शिडीची आई बेकरीतून थेट मैदानावर आली, तुला भेटायला, अर्ध्या तासाने चुकली. दुसऱ्या एक्स-रेचा कागद मी तिला परत वाचायला लावला. "हाडाची कड भरून आली आहे." तिने दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "फोटोसारखा लावून ठेवते घरात." केंद्राकडूनही पत्र आलं आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा चाचणी आहे, तीत शिडीला बोलावलंय. घेतीलच असं नाही. पण बोलावलंय.

तू सकाळी तिला गुडघ्याएवढ्या अडथळ्यावरून जाऊ दिलंस, तेव्हा मी तोंड फिरवून उभा होतो, हे तुला दिसलं का? बघवत नव्हतं. पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. मग तिची आरोळी. तेव्हा वळलो. तू हसत होतीस आणि कोनमापक डोक्यावर छत्रीसारखा धरला होतास.

चौदा मुलं तू तपासलीस. प्रत्येकाचे दोन्ही पाय. कुणाला ताकदीचा व्यायाम, कुणाला नुसती विश्रांती, दोघांनाच ताण, तोही हलका. आणि सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "सर, यापुढे कुणाच्या पाठीवर गुडघा ठेवायचा नाही." मी "हो, मॅडम" म्हणालो, तर पोरं खिदळली. त्यांना ती गंमत वाटली. तुला आणि मला ठाऊक होतं, गंमत नव्हती.

मग त्या आगाऊ शिडीने "सरांचा पण मोजा!" म्हणून ओरडा केला. मी टेबलावर आडवा झालो, वर छत, भोवती चौदा तोंडं. तू माझी टाच तळहातावर घेतलीस. तुझा हात गार होता. किती हळू उचललास पाय! मी मुलांचे पाय असे कधी उचलले नाहीत. गुडघा थोडा उघडला आणि अडला. तू तिथेच थांबलीस, एक केसभरही पुढे ढकललं नाहीस.

"दुखतंय?"

"नाही."

"बाबा."

"दुखतंय."

"कुठे?"

मी बोट ठेवून दाखवलं. तू मान हलवलीस आणि पाय तितक्याच हळू खाली ठेवलास. मुलांना वाटलं असेल, तपासणी संपली. मी आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिलो, कारण उठावंसं वाटत नव्हतं.

बाबा